जांभूळ खा, पण गोळी सोडू नका

रोहिणी नक्षत्र संपत आलं, आभाळ भरून यायला लागलं की इचलकरंजीच्या बाजारात जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. आजरा, चंदगडच्या बाजूची गावठी जांभळं, कोकणातून येणारी टपोरी जांभळं. हा सीझन जेमतेम महिना-दीड महिन्याचा. त्या महिना-दीड महिन्यात माझ्या दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न सरळ असतो : "डॉक्टर, शुगरला जांभूळ चालतं का?" दुसरा जरा दबक्या आवाजात, बहुतेक वेळा उठून दारापर्यंत गेल्यावर विचारला जातो : "बियांची पावडर सुरू केलीय. आता गोळी सुटंल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, चालतं" असं आहे. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असं आहे. पण नुसतं "नाही" म्हणून कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

जांभळात नेमकं काय असतं?

जांभूळ हे चांगलं फळ आहे, यात वाद नाही. १०० ग्रॅम गरातून साधारण ६० कॅलरी मिळतात. थोडं क जीवनसत्त्व आणि थोडा चोथा मिळतो. जांभळा रंग ज्यामुळे येतो ती अँथोसायनिन नावाची द्रव्यं असतात, आणि तुरटपणा येतो तो टॅनिनमुळे.

आता एक गोष्ट नीट ऐका. जांभूळ "बिनसाखरेचं फळ" नाही. १०० ग्रॅम जांभळाच्या गरात साधारण १४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. पिकलेल्या आंब्यात हा आकडा त्याहून थोडाच जास्त असतो. मग आंब्याने शुगर वाढते आणि जांभळाने तेवढी वाढत नाही, हा अनुभव खोटा का? खोटा नाही. पण त्यातला मोठा भाग आपण किती खातो यात आहे. आंबा समोर आला की दोन फोडींवर कुणी थांबत नाही, आणि रसाची वाटी एकदा तरी पुन्हा भरली जाते. जांभळाचं तसं होत नाही. दहा-पंधरा खाल्ली की जीभ जड होते, घशात तोठरा बसतो आणि हात आपोआप थांबतो. शिवाय रस न काढता गर चावून खाल्ल्यामुळे साखर हळूहळू रक्तात उतरते.

म्हणजे जांभूळ मधुमेहींना मानवतं, कारण ते कमी खाल्लं जातं आणि सावकाश पचतं. ते साखर "मारतं" म्हणून नव्हे. हा फरक लक्षात राहिला तर पुढचं सगळं सोपं आहे.

आणि हो, हे सगळं फळाबद्दल झालं. साखर घातलेला जांभळाचा ज्यूस, जांभूळ सरबत, जांभूळ आईस्क्रीम यांना हा नियम लागू नाही. तिथे जांभूळ फक्त नावाला आणि रंगाला असतं.

आजीबाईच्या बटव्यातली जांभळं

आपल्याकडे जांभळाभोवती बऱ्याच समजुती आहेत. सगळ्याच टाकाऊ नाहीत. एकेक पाहू.

*"जांभूळ खाल्लं की रक्त वाढतं."* जीभ जांभळी होते म्हणून असं वाटत असावं. जांभळात लोह अगदी थोडंच असतं. आपल्या देशातल्या स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. त्यात टॅनिनमुळे लोह शोषलं जायला उलट अडथळाच होतो. कांडी मशीनवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनींपैकी कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात असतं. त्यांनी जांभळं जरूर खावीत, पण लोहाची गोळी जांभळाच्या भरवशावर सोडू नये. ज्यांना अशी गोळी सुरू आहे त्यांनी ती चहाबरोबर किंवा जांभळाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

*"जांभळाने पोटात गेलेला केस विरघळतो."* ही समजूत इतकी पक्की आहे की मुलांना वर्षातून एकदा तरी जांभूळ खायलाच लावतात. खाऊ दे, चांगलंच आहे. पण केस कोणत्याही फळाने विरघळत नाही. जेवणात चुकून गेलेला एखादा केस शौचावाटे निघून जातो. ज्या मुलींना स्वतःचे केस उपटून खाण्याची सवय असते, त्यांच्या जठरात मात्र केसांचा गोळा तयार होतो. तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. अशी सवय दिसली तर जांभूळ शोधू नका, डॉक्टरांकडे या.

*"जुलाबावर जांभूळ गुणकारी."* टॅनिन आतडं थोडं आवळतं, त्यामुळे या समजुतीला आधार आहे. आयुर्वेदातही जांभळाला ग्राही म्हटलं आहे. पण जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाल्याने. त्याला उपाय एकच, जलसंजीवनी म्हणजे ओआरएस. आधी ते द्या, बाकीचं नंतर. ज्यांना बद्धकोष्ठाचा त्रास आहे त्यांनी जांभळं बेतानेच खावीत.

*"सालीच्या काढ्याने हिरड्या घट्ट होतात."* तुरट काढ्याच्या गुळण्यांनी हिरड्यांना तात्पुरतं बरं वाटतं. करायला हरकत नाही. पण हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, दात हलत असतील, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखरही तपासा. मधुमेहाची खूण कधी कधी हिरड्यांतही दिसते.

*"टाकीत जांभळाची फळी टाका, पाणी औषधी होतं."* जांभळाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणून जुने लोक विहिरीच्या बांधकामात तळाशी ते वापरायचे. हा सुतारकामातला शहाणपणा आहे. त्याने पाणी शुद्ध होत नाही. आपल्या गावाला तरी हे वेगळं सांगायला नको. २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाणी काय करतं हे इचलकरंजीने पाहिलं आहे. पाणी उकळा किंवा त्यात क्लोरिन टाका.

याच ओघात सांगतो. जांभळाला साल काढता येत नाही, आणि ती येतात नेमकी पहिल्या पावसाच्या तोंडावर, पाणी गढूळ व्हायच्या दिवसांत. जमिनीवर पडलेली, फुटलेली, पाखरांनी टोचलेली जांभळं बाजूला काढा. बाकीची स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच खा.

आता बियांच्या पावडरीबद्दल

इथून पुढचं जरा काळजीपूर्वक वाचा, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे.

जांभळाच्या बिया मधुमेहावर वापरण्याची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदात आहे, युनानीत आहे. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला. त्याआधी युरोपातले डॉक्टरही जांभळाच्या बियांचं चूर्ण मधुमेहींना देऊन पाहत होते. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्या काळात ज्या मुलांना मधुमेह व्हायचा ती वर्ष-दोन वर्षांत दगावायची. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, आणि तिथून चित्र पालटलं. जांभळाचं चूर्ण तेव्हाही उपलब्ध होतं. त्याने मुलं वाचत असती तर इन्सुलिनची एवढी वाट पाहावी लागली नसती.

विज्ञानाने बियांकडे दुर्लक्ष केलं असंही नाही. उंदरांवरच्या कितीतरी प्रयोगांत बियांच्या अर्काने साखर उतरलेली दिसली आहे. पण उंदराला दिलेला अर्क आणि आपण चमच्याने घेतलेली पावडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घरोघरी पितात. तिथल्या डॉक्टरांनी त्याची रीतसर चाचणी घेतली. काही रुग्णांना पानांचा खरा चहा, काहींना दिसायला तसाच पण खोटा चहा, तर काहींना ग्लिबेनक्लामाइडची नेहमीची गोळी दिली. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळीने साखर उतरली. खऱ्या चहाने आणि खोट्या चहाने सारखंच काम केलं, म्हणजे काहीच केलं नाही. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बियांच्या बाजूनेही गोळीची जागा घेण्याइतका भक्कम पुरावा नाही.

"तुम्ही ॲलोपॅथीवाले, तुम्हाला झाडपाल्याचं वावडं," असं मला कुणीतरी म्हणतंच. वावडं अजिबात नाही. मी रोज लिहून देतो ते मेटफॉर्मिन कुठून आलं ठाऊक आहे? युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे. फार लघवी होणाऱ्या रोग्यांना तिकडचे वैदू ती द्यायचे. तिच्यातलं द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी होतं. ती चरून गुरं मरायची. शास्त्रज्ञांनी त्याच जातीची पण सुरक्षित रसायनं शोधली, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये मेटफॉर्मिन माणसांच्या उपचारात आलं. हल्ली लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत त्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. त्या सालीतलं मूळ द्रव्य १८३५ सालीच वेगळं काढलं होतं.

म्हणजे वनस्पतीतून औषध येतं, जरूर येतं. पण मधल्या काळात मोजमाप झालेलं असतं. किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, किती उतरतं, त्रास काय होतो हे सगळं तपासलेलं असतं. जांभळाच्या पुडीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. माझा आक्षेप जांभळाला नाही, या न मोजलेल्या पुडीवर सगळा भार टाकायला आहे.

मग लोकांना गुण आला असं का वाटतं?

कारण त्यांना खरंच आकडा कमी दिसतो. पण तो का कमी झाला हे पाहायला हवं.

पावडर सुरू करणारा माणूस त्याच दिवशी आणखी चार गोष्टी करतो. चहातली साखर बंद करतो, सकाळी फिरायला लागतो, रात्रीचा भात कमी करतो. आणि महिनाभर गोळीही चालूच असते. महिन्याने साखर उतरते. श्रेय मात्र पावडरीला जातं, आणि मग गोळी बंद होते. गोळी बंद झाल्यावर पहिले काही दिवस काही जाणवत नाही. मधुमेहाचं हेच वाईट आहे. साखर २५० झाली तरी दुखत नाही, खुपत नाही. माणूस रातपाळी करतो, माग चालवतो, म्हणतो "मला काय झालंय?"

पावसाळा संपता संपता असे दोन-चार रुग्ण माझ्याकडे येतातच. कुणाचं वजन सात-आठ किलोने उतरलेलं असतं. कुणाच्या पायाला चप्पल लागून झालेली जखम महिनाभर भरलेली नसते, आणि पायाला मुंग्या असल्यामुळे ती चिघळेपर्यंत कळलेलीही नसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मध्ये गोळी बंद केलीवती." ज्या घरात एकाच्या मजुरीवर पाच माणसं जेवतात, तिथे पायाचं बोट गेलं तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

इन्सुलिनवर असलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना तर मी हात जोडून सांगतो. टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन बनतच नाही. इन्सुलिन एक-दोन दिवस जरी थांबवलं तरी रक्त आम्लधर्मी होऊन मूल बेशुद्ध पडू शकतं, जीव जाऊ शकतो. या मुलांच्या बाबतीत पावडर, काढा, मंत्र, काहीही असो, इन्सुलिन चुकवायचं नाही.

"पण गोळ्यांनी किडनी जाते ना?"

गोळी सोडण्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ही भीती उलटी आहे. किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. इंग्लंडमध्ये पाच हजारांहून जास्त मधुमेहींवर वीस वर्षं चाललेला मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर औषधांनी काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात डोळे, किडनी यांसारखी गुंतागुंत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. किडनी आधीच कमजोर असेल तर आम्ही मेटफॉर्मिनचा डोस कमी करतो किंवा ते बंद करतो, कारण अशा वेळी ते शरीरात साठतं. मेटफॉर्मिन किडनी खराब करतं असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं कारण खर्चाचं सांगतात. जेनेरिक मेटफॉर्मिनची एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पावडरीच्या डब्याची किंमत एकदा या हिशेबात बसवून पाहा.

तिसरं कारण म्हणजे "एकदा गोळी लागली की सुटत नाही". हे अर्धसत्य आहे. वजन उतरवून, आहार-व्यायाम सांभाळून काहींची गोळी कमी होते, क्वचित सुटतेही. पण ती तपासण्या करत, टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते. मनाने नाही.

पावडरीत जांभूळच आहे कशावरून?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. घरी बिया वाळवून, कुटून केलेली पावडर निदान जांभळाची तरी असते. "शुगर मुळापासून घालवा" म्हणून मोबाईलवर विकल्या जाणाऱ्या डब्यात काय आहे हे कोण सांगणार? मधुमेहावरच्या "नैसर्गिक" म्हणवणाऱ्या काही औषधांत न सांगता ॲलोपॅथीच्याच साखर उतरवणाऱ्या गोळ्या मिसळलेल्या सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली दिला होता. काही औषधांत शिसंही सापडलं आहे. अशी पावडर आणि तुमची ग्लिमेपिराइडची गोळी एकत्र झाली, त्यात एखादा उपवास आला, तर साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी जांभूळ खाऊ नका! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि मग दवाखाना गाठा. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणखी एक. आपल्या देशात १९५४ पासून कायदा आहे. चमत्कारिक उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणाऱ्या या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. "मधुमेह बरा करतो" अशी जाहिरात करणारा माणूस कायदा मोडतोय. जो विकतानाच कायदा मोडतो त्याच्या हातात आपलं शरीर द्यायचं का, हे तुम्हीच ठरवा.

भारतात आज दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. एवढी मोठी बाजारपेठ असल्यावर डबे विकणारे येणारच. आपण सावध राहायचं.

तर काय करायचं?

१. सीझन आहे तोवर दिवसाला एक वाटीभर, साधारण १०० ग्रॅम जांभळं मधुमेहींनी खुशाल खावीत. जेवणावर लगेच नको. सकाळी अकराला किंवा संध्याकाळी चारला, चहा-बिस्किटांच्या ऐवजी खाल्ली तर उत्तम.

२. मीठ लावून खायची सवय असेल तर चिमूटभरच. रक्तदाब असलेल्यांनी मीठ टाळावं.

३. रस न काढता, चावून खा. रिकाम्या पोटी भरमसाट खाऊ नका.

४. पावडर घेत असाल तर लपवू नका. पुडी किंवा डबा घेऊन या. मी रागावणार नाही. तुमच्या गोळ्यांशी तिचा मेळ बसतो का ते आपण पाहू. गरोदर स्त्रियांनी, किडनीच्या रुग्णांनी आणि ऑपरेशन ठरलेल्यांनी पावडर विचारल्याशिवाय घेऊच नये.

५. पावडरीने गुण येतो असं वाटत असेल तर आकड्यांनी तपासू. गोळ्या तशाच चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. खरंच साखर उतरली तर गोळी कमी करायला मला आनंदच आहे.

६. रोज रात्री पाय पाहा. तळवे, बोटांच्या बेचक्या. खात्यात अनवाणी उभं राहू नका.

आपल्या मातीतलं, स्वस्त, चवदार असं हे फळ आहे. बदलापूर आणि पालघरजवळच्या बहाडोलीच्या जांभळांना तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याचं कौतुक करायला ते फळ आहे एवढं कारण पुरेसं आहे. त्याच्यावर औषध होण्याची जबाबदारी टाकू नका, ती त्याला पेलणार नाही.

या आठवड्यात बाजारातून जांभळं आणा, घरच्यांबरोबर बसून खा. आणि रात्री जेवताना ठरलेली गोळी घ्या.